शेवरीचं चिलखत: ड्रुइडनं धातू घातला तर काय होतं, आमच्या टेबलावरचं एक प्रकरण

आधी टेबल कसं आहे ते सांगतो म्हणजे पुढचं भांडण कळेल. पुण्यात आम्ही पाच जण रविवारी दुपारी जेवणं उरकून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन तोंडी गोष्ट रंगवायची आणि फासे टाकून निकाल लावायचा तो खेळ) खेळायला बसतो, मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि जग चालवणारा. पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं. पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, एक फायटर, एक लाइफ डोमेनची क्लेरिक (देवाच्या कृपेनं जादू करणारी; ती खेळतात त्या ताई आमच्यात वयानं मोठ्या, त्यांना सगळे तुम्ही म्हणतो, फायटर मरायला टेकलेला असताना पण "ताई जरा हील करता का" असंच), एक रोग (चोरटा, मराठीत ऐकायला भयंकर आहे माहितीये, "आमचा रोग अजून आला नाही" असं रिक्षात फोनवर बोललो तर रिक्षावाला आरशातून बघतो) आणि चौथी ड्रुइड, म्हणजे निसर्गाच्या जादूवाली, सर्कल ऑफ द लँड पंथाची, कॅरेक्टरचं नाव शेवरी. जग माझंच बनवलेलं, सह्याद्रीवरून ढापलेलं, त्यात डोंगरात देवराया आहेत आणि ड्रुइड लोक त्या देवराया सांभाळतात. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही, म्हणून मला ते सोपं पडलं.

तर चौदाव्या सेशनला, पार्टी लेव्हल ५ ला असताना, त्यांनी भाडोत्री सैनिकांचा एक कप्तान मारला आणि त्याच्या अंगावर हाफ प्लेट, लोखंडी पत्र्याचं चिलखत. मी ते लूट म्हणून ठेवलेलंच नव्हतं, कप्तान पटकन मरू नये म्हणून त्याला घातलं होतं, पण प्लेयर लोक मेलेल्याच्या पायातले बूट पण सोडत नाहीत. आणि गंमत बघा, फायटर आणि क्लेरिक दोघांचा डेक्स (चपळाई) १०, दोघांकडे चेन मेल (कड्यांचं चिलखत) म्हणजे एसी १६ (एसी जेवढा जास्त तेवढा वार लागणं अवघड), हाफ प्लेट घातली तर १५, म्हणजे तोटाच. रोगला मीडियम आर्मर, म्हणजे हाफ प्लेटसारखं मध्यम चिलखत, येतच नाही. ज्या एका माणसाला त्या चिलखताचा खरंच उपयोग होता ती शेवरी, आणि पुस्तकाप्रमाणे फक्त तिलाच धातू चालत नव्हता.

तिचा हिशोब सांगतो. डेक्स १४. हाइड आर्मर (जनावराच्या कातड्याचं) १२ अधिक डेक्सचे २, वर लाकडी ढाल २, एसी १६. हाफ प्लेट घातली तर १५ अधिक २ अधिक २, १९. पुस्तकात ड्रुइडला मीडियम आर्मर "येतं" असं लिहिलंय पण धातू काढून टाकला की मीडियममध्ये हाइडच उरतं, चेन शर्ट स्केल मेल ब्रेस्टप्लेट हाफ प्लेट सगळं गेलं, म्हणजे ताट वाढलंय पण त्यात फक्त लोणचं. वर बार्कस्किनचा विनोद आहेच. ड्रुइडचा हक्काचा संरक्षणाचा स्पेल (मंत्र), २०१४ च्या नियमात तो म्हणतो तुझा एसी १६ च्या खाली जाणार नाही, त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन लागतं (लक्ष त्याच स्पेलवर धरून ठेवायचं, मार बसला की ते तुटू शकतं), आणि ढाल त्यात धरलेलीच असते. शेवरीचा एसी आधीच १६. एक स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) आणि सगळं लक्ष खर्च करून मिळालं काय तर शून्य.

आणि त्याच्या आधीच्या सेशनला शेवरी दोनदा आडवी झाली होती. दोन्ही वेळा कॉन्सन्ट्रेशन तुटून स्पाइक ग्रोथ हा स्पेल गेला. हे महत्त्वाचं आहे, कारण ड्रुइडचं सगळं दुकान कॉन्सन्ट्रेशनवर चालतं, एन्टँगल, मूनबीम, स्पाइक ग्रोथ, कॉल लाइटनिंग, काहीही घ्या. त्यामुळे ३ एसी म्हणजे नुसता मार कमी बसणं नाहीये. मी नंतर कागदावर काढून बघितलं: समोरच्याचं टू-हिट (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) +५ असेल तर १६ ला तो ५० टक्के वेळा लागतो, १९ ला ३५. शेवरीचा कॉन सेव्ह (मार सोसून लक्ष टिकवायचा फासा) +२, साध्या माराला डीसी (गाठायचा आकडा) १०, म्हणजे दर माराला ३५ टक्के वेळा लक्ष तुटणार. चार हल्ले झाले तर स्पेल टिकायची शक्यता १६ ला साधारण ४६ टक्के, १९ ला ५९. एवढा फरक टेबलावर जाणवतो. सगळं बदलून टाकत नाही, पण जाणवतो.

तर ती म्हणाली, मी घालते.

आणि मी, विचार न करता, अगदी ठणकावून: "घाल, पण मग स्पेल्स बंद. काढल्यावर पण २४ तास बंद."

दोन मिनिटं शांतता. रोगवाल्यानं पुस्तक उघडलं. तो हे फार प्रेमानं करतो, म्हणजे आधी चहाचा कप बाजूला ठेवतो, हात पुसतो आणि मग पान उलटतो. "दादा, २४ तास कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते ३.५ मधलं, म्हणजे खेळाच्या जुन्या एडिशनमधलं होतं. मी कॉलेजला हॉस्टेलमध्ये ३.५ वर शिकलो, तिथं नियम साफ होता: ड्रुइडनं धातूचं चिलखत घातलं की ते अंगावर असेपर्यंत आणि काढल्यावर पुढचे २४ तास स्पेल्स नाहीत, जादूच्या बाकी शक्ती पण नाहीत. तेच डोक्यात बसलेलं. २०१४ च्या पुस्तकात काय आहे तर प्रोफिशियन्सीच्या, म्हणजे काय वापरता येतं त्याच्या, ओळीत, मीडियम आर्मर आणि शील्ड्सच्या पुढं, एक कंस. त्या कंसात एवढंच की ड्रुइड धातूचं चिलखत घालणार नाहीत, धातूची ढाल वापरणार नाहीत. घालू शकत नाहीत असं नाही. घातलं तर असं असं होईल असं पण नाही. "घालणार नाहीत". अख्खं भांडण एका कंसातलं.

मी म्हणलं, पुढच्या रविवारी सांगतो, तोपर्यंत चिलखत गाढवावर. (पार्टीचं एक गाढव आहे. त्याच्यावर आजवर जेवढे निर्णय प्रलंबित राहिलेत तेवढे कुठल्या कोर्टात नसतील.)

आठवडाभर मी तो कंस कुठून आला ते खणत बसलो, आणि इथं मला खरंच मजा आली म्हणून जरा लांबण लावतो. ड्रुइड या खेळात आधी राक्षसांच्या यादीत आले, १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. खेळता येणारा क्लास (पात्राचा प्रकार) झाले १९७६ च्या एल्ड्रिच विझर्ड्रीत. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डी च्या प्लेयर्स हँडबुकात कारण दिलेलं आहे आणि ते सरळ जादूचं कारण आहे: कातड्याचं चिलखत आणि लाकडी ढाल एवढंच चालेल, धातूच्या चिलखतानं त्यांची जादुई शक्ती बिघडते. पटो न पटो, कारण आहे. १९८९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये तेच, कातडं आणि लाकूड, बाकी मना. २००० साली तिसऱ्या एडिशनमध्ये त्याला घड्याळ लावलं, २४ तास. आणि २०१४ मध्ये शिक्षा काढून टाकली, कारण काढून टाकलं, बंदी तेवढी ठेवली. म्हणजे भिंत पाडली आणि दरवाजा उभा ठेवला. लोक दरवाज्याजवळ येऊन विचारणारच ना की हा कशाला आहे.

विचारलं पण. इतक्यांनी विचारलं की तेव्हा कंपनीत नियमांचं काम बघणाऱ्या जेरेमी क्रॉफर्डनं अधिकृत उत्तरांमध्ये ते घेतलं. आधी विनोद, की ड्रुइडचा स्फोट होतो. मग खरं उत्तर, की असं काही होत नाही, ते घालू शकतात पण घालत नाहीत, त्यांच्या पंथाची ओळख आहे ती, जसा शाकाहारी माणूस मांस खाऊ शकतो पण खात नाही. आणि फारच वाटत असेल तर तुमच्या डीएमशी बोला.

म्हणजे माझ्याशी. धन्यवाद.

अजून मागं गेलो तर वेगळीच गोष्ट. खरे ड्रुइड, म्हणजे गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधले, त्यांच्याबद्दल आपल्याला जे माहितीये ते बहुतेक रोमन आणि ग्रीक लोकांनी लिहिलेलं. सीझर सांगतो की ड्रुइड युद्धापासून लांब राहायचे, त्यांना लष्करी सेवा माफ, करही माफ. म्हणजे चिलखत कुठलं घालायचं हा प्रश्नच त्यांना कधी पडला नसणार. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तो प्रसिद्ध प्रसंग सांगतो, पांढरे कपडे घातलेला ड्रुइड ओकच्या झाडावर चढतो आणि सोन्याच्या विळ्यानं बांडगूळ कापतो. आता सोनं धातू नाही का? आहेच की. पण त्याच प्लिनीनं दुसरीकडं सेलागो नावाच्या एका वनस्पतीबद्दल लिहिलंय की ती लोखंड न लावता, अनवाणी, पांढऱ्या कपड्यात खुडायची. मला वाटतं मूळ वास तिथला आहे. सगळा धातू नाही, लोखंड. आणि चिलखत तर नाहीच. (आपल्याकडं उलटंय, बाळाच्या उशाखाली चाकू नाहीतर अडकित्ता ठेवतात म्हणजे लोखंडानं बाधा लांब राहते. म्हणजे युरोपातल्या परीला जे नको तेच आपल्याकडच्या हडळीला नको, यात पण एमएचा एक पेपर निघेल.)

बरं, खेळातल्या ड्रुइडला विळा चालतो, खंजीर चालतो, वाकडी तलवार चालते. सगळी लोखंडी. फक्त अंगावर नको. शेवरीवालीनं दुसऱ्या रविवारी पहिला मुद्दा हाच टाकला. "हातात कोयता चालतो आणि छातीवर पत्रा चालत नाही, हे कसं?"

फायटरवाल्याचा मुद्दा बॅलन्सचा होता. त्याची चेन मेल आणि ढाल मिळून १८, ड्रुइडचा १९ झाला तर मी पुढं उभा राहून काय करू, आरती ओवाळू? मला त्याचं दुःख समजलं पण मुद्दा पटला नाही. ताईंची क्लेरिक त्याच टेबलावर १८ एसी घेऊन बसलीय, तिला पण पूर्ण स्पेल्स, तिला कुणी काही म्हणत नाही. बॅलन्स म्हणून हा नियम असता तर सरळ "ड्रुइडला फक्त लाइट आर्मर" असं लिहिलं असतं, विषय संपला असता. रोगवाल्याचं म्हणणं अर्थातच की लिहिलंय ते लिहिलंय, "घालणार नाही" म्हणजे नाही घालणार, घालायला लागली तर ती ड्रुइडच नाही. म्हणलं हे बोलतोय कोण, ज्यानं मागच्या महिन्यात देवळातली घंटा विकली.

मग शेवरीवाली जे बोलली ते मला अजून आठवतं, कारण ती चिडलेली नव्हती. ती म्हणाली, "माझे आजोबा माळकरी आहेत. ते मटण खात नाहीत. खाल्लं तर विठोबा त्यांचा आवाज बिवाज काढून घेणार नाही, अभंग म्हणता येतीलच. पण ते खाणार नाहीत, कारण माळ त्यांनी घातलीय. स्वतः. पंढरपूरला जाऊन. शेवरीची माळ कुणी घातली? मी तर घातली नाही. पुस्तकानं घातली, कंसात."

ताई म्हणाल्या, "आणि आमच्या शेजारचे माळ खुंटीला टांगून जेवायला बसतात." सगळे हसले, पण मला वाटतं नियम तिथंच सापडला होता.

माझं म्हणणं सांगतो. "कॅरेक्टर हे करणार नाही" असं वाक्य नियमाच्या पुस्तकात नसावं. करता येत नाही, लिहा. केलं तर हे होईल, लिहा, ७८ सालासारखं जादू बिघडते म्हणून लिहा, चालेल. पण कॅरेक्टरला काय वाटतं ही एकच गोष्ट प्लेयरची असते, बाकी सगळं जग डीएमचं आहे. तिथं पण पुस्तक घुसलं तर उरलं काय तिच्याकडं, डाइस? आणि दुसरी बाजू पण खरी आहे, की बंदी नुसती उडवून लावली तर ड्रुइड म्हणजे हिरव्या रंगाची क्लेरिक. शाकाहारी माणसाचं उदाहरण क्रॉफर्डनं बरोबर दिलं होतं, फक्त त्यातून निघतं काय ते त्यानं सांगितलं नाही. मोडता येत नाही ते पथ्य कसलं? आणि मोडल्यावर कुणाला काही वाटतच नाही ते तरी कसलं?

म्हणून निर्णय असा दिला. चिलखत घालता येईल, स्पेल्स चालतील, एसी १९ मिळेल, नियमाचा दंड काही नाही. पण देवराईच्या सर्कलची, म्हणजे ड्रुइडांच्या पंथाची, शपथ आहे, ती काय आहे आणि का आहे हे शेवरीवाली स्वतः लिहिणार, मी नाही. एकदा लिहिलं की ते जगात खरं. मोडलं तर सर्कल बघेल, सर्कलचे लोक मी चालवणार. आणि धातू नसलेलं पण मजबूत काही हवं असेल तर ते पण जगात आहे, शोधायला लागेल, फुकट नाही.

तिनं व्हॉट्सॲपवर शपथ पाठवली ती वाचून मी गार. लोखंड गाळायला कोळसा लागतो, कोळशाला झाडं लागतात, एकेका भट्टीमागं रान जातं. म्हणून जे रान जाळून निघालंय ते अंगावर घ्यायचं नाही. नदीच्या वाळूत सापडलेलं सोनं चालेल, ते कुणी जाळलेलं नाही (प्लिनीचा विळा सुटला एका वाक्यात!). आणि मग तिनं काय केलं, स्वतःहून शेवरीचा लोखंडी विळा पण टाकून दिला. पुस्तक म्हणतं विळा चालतो, हिच्या शपथेत बसत नाही म्हणून ही टाकते. हातात नुसती काठी, शिलेली (काठीला बळ देणारा स्पेल) मारून. म्हणजे मी नियम सैल केला आणि तिचं पथ्य पुस्तकापेक्षा कडक झालं. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

आणि मग तिनं हाफ प्लेट घातली.

कारण गोष्टीत त्या वेळी जहागीरदाराची माणसं देवराई तोडायला निघाली होती, त्याच भट्ट्यांसाठी. शेवरीचं म्हणणं, मी मेले तर रान जाणार, चिलखत घातलं तर शपथ जाणार, शपथ माझी एकटीची आहे. तिच्या गळ्यात सर्कलचा एक लाकडी मणी होता, तो तिनं काढून देवराईच्या तोंडाशी एका फांदीला अडकवला. कुणी काही बोललं नाही. ताईंनी फक्त माझ्याकडं बघितलं, खुंटी.

पुढचे दोन-तीन सेशन चिलखतानं काम केलं. पुढं उभी राहून लढली, आडवी झाली नाही, स्पेल्स टिकले. फायटरवाला तोंड पाडून बसायचा, त्याला मी एक जादूची ढाल दिली, म्हणजे सरळ लाच दिली, मान्य आहे. हाफ प्लेटमुळं स्टेल्थला (लपतछपत जायला) डिसॲडव्हान्टेज, तर तिनं पास विदाउट ट्रेस मारून सगळ्यांनाच +१० दिले, अठरा किलो पत्रा अंगावर घालून ही बया मांजरासारखी फिरतीय. मी बारीक बारीक इशारे देत होतो, वाटेत सर्कलचा एक पोरगा भेटला त्यानं तिला ओळखून ओळख दिली नाही, देवराईत गेली तर नेहमी येणारं घुबड आलं नाही. तिला कळत होतं. ती काढत नव्हती.

मग मोठी लढाई. पावसाळी संध्याकाळ, तिनं कॉल लाइटनिंग (ढगातून वीज पाडायचा स्पेल) टाकलेला, जहागीरदाराची माणसं पळवली, शेवरीचे ३८ पैकी २३ एचपी (जीव) शिल्लक. ढग अजून डोक्यावर, स्पेल दहा मिनिटं चालतो. आणि झाडीतून सर्कलची म्हातारी बाहेर आली. तीच जिनं शेवरीला शिकवलं.

"काढ ते." शेवरी म्हणाली काढते, आधी ऐकून तर घे. म्हातारीनं ऐकलं नाही. हीट मेटल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हीट मेटल हा ड्रुइडच्याच यादीतला दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. धातूची एक वस्तू तापवायची, तिला चिकटलेल्या माणसाला २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) आगीचा मार, आणि पुढं दर टर्नला बोनस ॲक्शननं परत तेवढाच. टू-हिट नाही. मार चुकवायला सेव्ह नाही. एसी १९ असो नाहीतर ९० असो, काही संबंध नाही. तलवार असेल तर माणूस टाकून देतो. चिलखत कसं टाकणार? मीडियम आर्मर काढायला एक मिनिट लागतं, म्हणजे दहा राउंड. सरासरी ९ चा मार गुणिले १०. टेबलावर सगळ्यांनी एकदम ९० म्हणलं, पाढे म्हणल्यासारखं.

पहिला मार ११. एचपी १२. कॉन्सन्ट्रेशन सेव्ह पास. तिच्या टर्नला ती म्हणाली मी हात जोडते, तिला सांगते की माणसं गेली, रान वाचलं. मला वाटलं होतं ती लढेल. म्हातारीची टर्न, मी थांबवू शकत होतो, खरं सांगतो, थांबवलं नाही. दुसरा मार ८. एचपी ४. सेव्ह परत पास, डाइसवर १७.

रोगवाला ओरडला, हे काय चाललंय, तू घाल म्हणालास आणि आता जाळतोयस, हा सूड आहे डीएमचा. यावर मी तेव्हा काहीतरी नियमबियम बोललो. आता विचार केला तर, थोडासा होता. म्हातारी माझ्या वहीत हाफ प्लेटच्या आधीपासून होती, तिचा हीट मेटल पण होता, पण तो मी शेवरीवर वापरणार हे कधी ठरलं? तिनं फांदीला मणी अडकवला तेव्हा बहुतेक. मला तिच्या त्या करण्याला काहीतरी वजन द्यायचं होतं आणि वजन द्यायचं म्हणलं की डीएमला मारच सुचतो. म्हातारी नुसती पाठ फिरवून गेली असती तरी चाललं असतं. जास्त लागलं असतं कदाचित.

तेवढ्यात शेवरीवालीनं शांतपणे पुस्तक ओढून घेतलं आणि वाइल्ड शेपचा, म्हणजे ड्रुइड जनावराचं रूप घेतात त्याचा, उतारा मोठ्यानं वाचला. रूप बदललं की अंगावरच्या सामानाचं काय करायचं ते तुम्ही ठरवता: अंगात मिसळेल, नव्या रूपाच्या अंगावर राहील, नाहीतर आहे त्या जागी खाली पडेल.

"खाली पडेल," ती म्हणाली.

२०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात बाकी कुठल्या क्लासला तापलेलं चिलखत असं एका ॲक्शनमध्ये झटकून टाकता येत नसेल, आणि ज्या क्लासला धातू मना आहे नेमकं त्यालाच येतं. मला हे कधी सुचलं नव्हतं. लालबुंद हाफ प्लेट चिखलात पडली, चर्र आवाज (तो आवाज फायटरवाल्यानं काढला, चांगला काढला), आणि तिथं एक अस्वल. ब्लॅक बेअरचे आकडे, १९ एचपी, एसी ११. आणि रूप बदलल्यानं कॉन्सन्ट्रेशन तुटत नाही, आधी टाकलेल्या कॉल लाइटनिंगची वीज जनावराच्या रूपात पण पाडता येते, पुस्तकात उदाहरण म्हणून नेमका तोच स्पेल लिहिलाय. पुढच्या टर्नला सगळ्यांना वाटलं आता अस्वल हात जोडणार.

अस्वलानं म्हातारीवर वीज पाडली.

३डी१०. म्हातारीनं सेव्ह केला, अर्धाच लागला, पण तिचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं आणि चिलखत विझलं. नंतर विचारलं असं का केलंस, तर म्हणाली, "मी चुकले ते माझं मी बघेन. पण तिनं ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

म्हातारी मेली नाही, दोघींचं शेवटपर्यंत नीट बोलणं झालं नाही. मणी शेवरीनं स्वतः काढून परत घातला नाही, तो तसाच फांदीवर राहिला, कॅम्पेन संपेपर्यंत. चिलखत रोगनं उचललं, निम्म्या किमतीला विकलं, ३७५ सोन्याची नाणी, आणि त्यातल्या वाट्याला शेवरीनं हात लावला नाही. पुढं लेव्हल ९ पर्यंत ती हाइडमध्येच खेळली, आणि दोनदा मरता मरता वाचली, आणि एकदाही एसीबद्दल कुरकुर केली नाही, जी आधी दर सेशनला असायची.

आता नवं कॅम्पेन २०२४ च्या पुस्तकांवर लावतोय. त्यात तो कंस गेलाय, धातू हा शब्दच नाही. ड्रुइडला लाइट आर्मर आणि ढाल, पहिल्याच लेव्हलला मॅजिशियन नाहीतर वॉर्डन निवडायचं, वॉर्डन घेतलं की मीडियम आर्मर, कुठलंही. बार्कस्किन पण सुधारला, १७ आणि कॉन्सन्ट्रेशन नाही. पाथफाइंडर हा असाच दुसरा खेळ, त्यांनी पण त्यांच्या दुसऱ्या एडिशनमध्ये धातू ड्रुइडला निषिद्ध ठेवला होता तो २०२३ च्या नव्या पुस्तकात काढला. रोगवाला म्हणतो एवढं सगळं भांडून काय मिळालं, दोन वर्षं थांबला असतात तर कंपनीनंच मिटवलं असतं.

शेवरीवालीनं परत ड्रुइडच घेतलीय. वॉर्डन. ब्रेस्टप्लेट, लोखंडी, छान चकचकीत, काही अडचण नाही. फक्त कॅरेक्टर शीटच्या मागं पेन्सिलीनं एक ओळ लिहून दिलीय, आग लावणार नाही, कसलीच, शेकोटी पण नाही. ड्रुइडच्या स्पेल्समध्ये आगीचे किती आहेत ते मी मोजून दाखवले तर म्हणाली, माहितीये. पहिलं सेशन पुढच्या रविवारी आहे, गोष्ट सुरू होते बर्फात, आणि मी अजून ठरवलेलं नाहीये की तिच्यावर लक्ष ठेवायला कोण असणार.